मोलस्कमचं मलम

लेक पहिलीत होती तेव्हा तिच्या काखेजवळ मला दोन-चार पुटकुळ्या दिसल्या. चेन्नईत घामोळ्यांची सवयच झालेली, त्यामुळे मी पावडर लावून मोकळी झाले. पण त्या वाढत दंडापर्यंत आल्या. मोत्यासारख्या गोल, चकचकीत, मध्ये बारीकशी खळी असलेल्या. शेवटी सिरुसेरीच्या ऑफिसातून रजा काढून मी तिला एग्मोरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, मोलस्कम आहे. विषाणूमुळे होतो, मुलांमध्ये नेहमीचाच. आपोआपही जातो, पण वेळ घेतो आणि खाजवलं की पसरतो. मग त्यांनी खुर्ची लेकीकडे वळवली आणि मलम कसं लावायचं ते तिलाच तमिळमध्ये समजावलं. फक्त पुटकुळीवर ठिपका द्यायचा, आजूबाजूच्या कातडीला लावायचं नाही.

घरी मी इअरबड घेऊन बसले. मलम झोंबायचं. ती ओठ घट्ट मिटून बसायची आणि माझा ठिपका बाजूच्या कातडीवर पडायचा.

"आई, तू डोळे मिटतेस," ती म्हणाली. "मला दे."

तेव्हापासून आरशासमोर बसून ती ठिपके द्यायची आणि मी ट्यूब धरून शेजारी उभी राहायचे. लावून झालं की न सांगता हात धुवायची.

एका संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात एक बाई आपल्या मुलीला माझ्या लेकीपासून ओढून नेताना मी गॅलरीतून पाहिलं. रागाने खाली धावले. पण मी पोचेपर्यंत लेकीने बाह्या मनगटापर्यंत ओढून मैत्रिणींना सांगितलं होतं, की हे कातडीला कातडी लागली की होतं, म्हणून हात न लावता खेळू. पकडापकडीऐवजी एकमेकींच्या सावलीवर पाय द्यायचा खेळ तिने काढला होता. थोड्या वेळाने ती मुलगीही परत आली. मी जिन्यापाशीच थांबले. माझ्या भांडणाची तिथे गरज नव्हती.

पुढे पुटकुळ्या लाल होऊन सुजल्या. मी घाबरून फोन केला, तर डॉक्टर म्हणाल्या, शरीर विषाणूशी लढतंय, थोडे दिवस मलम थांबवा. खपल्या धरल्या, खूप खाज सुटली, तरी लेकीने नख लावलं नाही. वरून ओला रुमाल दाबून धरायची.

शेवटच्या तपासणीला नुसते फिकट डाग उरले होते. मलम कोण लावत होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी लेकीकडे बोट केलं. त्या उठल्या आणि त्यांनी तिच्यापुढे हात केला. लेकीने आधी स्वतःचा तळवा उलटसुलट करून नीट पाहिला, मग हात मिळवला.