परुळेकरांच्या पोटातला उजेड

विद्याधर परुळेकर अंधारात चमकतात, अशी बातमी मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पसरली होती. संध्याकाळी वीज गेली तेव्हा त्यांच्या बाथरूमच्या खिडकीत हिरवा उजेड दिसला आणि तो थेट त्यांच्या पोटातून येत होता, असं समोरच्या विंगमधल्या चंपाताईंनी सांगितलं. चंपाताईंनी सांगितलं म्हणजे वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं.

खरं एवढंच, की परुळेकर चमकत नव्हते; आपण चमकतो का, हे बघत होते. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात त्यांच्या शिरेतून एक नवं औषध सोडलं होतं. ते आतड्यातल्या बिघडलेल्या पेशींना जाऊन चिकटतं, आणि मागून तपासणीची नळी घातली की तिच्या टोकाच्या खास दिव्याखाली तेवढ्याच पेशी उजळतात. तो उजेड फक्त त्या नळीच्या कॅमेऱ्याला दिसतो, चंपाताईंना नाही. डॉक्टरांनी हे दोनदा समजावलं होतं. पण समजून घेणं हा परुळेकरांचा प्रांत नव्हे. वीज गेल्याबरोबर ते बनियन वर करून आरशासमोर उभे राहिले. पुरता अंधार सोसेना, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून तो बादलीत ठेवला. बादली हिरवी होती.

विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस जन्मभर दुसऱ्यांचे आजार ओळखत आला. आधी घसा खाकरायचा, मग चष्मा कपाळावर चढवायचा, मग म्हणायचं, "मी सांगतो, ऐका." शहाणी माणसं चष्मा चढेपर्यंत सटकतात. तळमजल्यावरचा नंदकुमार नाही सटकला. त्याच्या पायाला यांनी वात ठरवला, तिळाचं तेल चोळायला लावलं. पाय मोडलेला होता.

स्वतःला शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा ती अर्थातच मूळव्याध. डॉक्टर कशाला, सुरण आहे ना. घरात सुरणाची भाजी, सुरणाचे काप, सुरणाची कोशिंबीरसुद्धा झाली. रक्त काही थांबलं नाही. परुळेकर म्हणायचे, "उष्णता बाहेर पडतेय."

एक गोष्ट मात्र ते कुणाला सांगत नसत. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते. त्यांनाही मूळव्याधच होती, त्यांनाही सुरणच दिला, आणि पन्नाशी गाठायच्या आत ते गेले. कशाने गेले, हे कुणी बघितलंच नाही. ही गोष्ट वसुधाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, डॉक्टर धवलना सांगितली आणि नवऱ्याला मनगट धरून खुर्चीत बसवलं.

"काका, टेन्शन नाय घ्यायचा," डॉक्टर धवल म्हणाले. ते घाटकोपरचे गुजराती, मराठी बोलतात ती घसरगुंडीवरून येते. "फक्त पालाभाजी बंद आजपासून. आणि टेस्टच्या आदल्या दिवशी एकदम पाणीपाणी. डाळचा पाणी, नारळपाणी. बस."

"मी सांगतो, ऐका," परुळेकर म्हणाले. "मी कोकणातला माणूस. मला उपास शिकवू नका."

आदल्या दिवशी वसुधाकाकूंची बहीण येणार होती. काकूंनी अळूवडीचे उंडे वाफवून, नंतर तळायला म्हणून फ्रिजमध्ये ठेवले होते. इकडे परुळेकर ती पोट साफ करायची पावडर पाण्यातून पीत होते आणि फ्रिजकडे बघत होते. काकू खाली कोथिंबीर आणायला गेल्या. परत आल्या तर एक उंडा आखूड.

"हा असा कसा झाला हो?"

"गारठ्याने आखडतात," परुळेकर म्हणाले, आणि पुढची पावडर मुकाट्याने प्यायले.

दुसऱ्या दिवशी ते टेबलावर कुशीवर पडले. गुंगीचं औषध हलकंच दिलं होतं, त्यामुळे समोरचा पडदा त्यांना दिसत होता. काकूंना डॉक्टरांनी धीर द्यायला उशाशी उभं केलं होतं. साध्या दिव्यात आतडं गुलाबी, नितळ.

"बघा," परुळेकर म्हणाले. "काही नाही. मूळव्याध."

मग डॉक्टरांनी दिवा बदलला. पडदा काळा झाला आणि त्या काळ्यात एक ठिपका पेटला. मग दुसरा. नळी पुढे सरकली तसे सगळीकडेच, देवळाबाहेरच्या दिव्यांच्या माळेसारखे. डॉक्टरांनी नळी तिथेच थांबवली. परुळेकरांनी घसा खाकरला.

"काका, पालाभाजी खाल्ली?"

"छे."

"नक्की? कारण हिरवा पाला पण या दिव्यात चमकतो. खाल्ली नसेल, तर मग हा सगळा..."

परुळेकरांनी पडद्याकडे बघितलं, मग बायकोकडे. नोकरीत असताना घासूनपुसून कमावलेली त्यांची कचेरीतली मराठी तिथेच गळाली. "अगो वसुधा," ते म्हणाले, "उंडो माज्याच पोटात गेलो गो."

"ठाऊक होतं मला," काकू म्हणाल्या. "गारठ्याने आखडतात म्हणे."

डॉक्टरांनी नळीतून पाण्याचा फवारा सोडला. ठिपके सुटले, वाहून गेले. परुळेकर हसणारच होते. पण आतड्याच्या एका घडीच्या आड एक ठिपका तसाच राहिला. पुन्हा पाणी मारलं. हलला नाही. साधा दिवा लावला तर तिथे काहीच दिसेना, नुसती सपाट, गुलाबी जागा. त्या जागेवरून नळी मघाशी साध्या दिव्यात एकदा गेली होती, काही न दिसता. डॉक्टरांनी तेवढा तुकडा मुळापासून काढला आणि तपासायला पाठवला.

रिपोर्टला आठवडा होता. तेवढ्यात माणूस थोडा नरम पडेल, असं सोसायटीला वाटलं. कसला नरम. दुसऱ्याच दिवशी परुळेकर खाली बाकावर. घसा, चष्मा, आणि "मी सांगतो, ऐका. अळू खाल्लं म्हणून डॉक्टरने तिथे दोनदा बघितलं. मुद्दाम खाल्लं होतं."

"काका, तो उरलेला ठिपकापण अळूच असणार," बाकावरून कुणीतरी म्हणालं. "तुम्ही चावून कुठे खाता. पानाची शीर अडकली असेल."

"अळू नाही ते," परुळेकर म्हणाले. चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला. "आमच्या बाबांचं होतं तेच असणार. लाव पैज. प्लेटभर अळूवडी."

पैज लावली ती या ओळी लिहिणारीने. त्यांच्या तोंडावर, त्यांच्याच आवाजात, घसा खाकरून. आजवर त्यांची एकही गोष्ट खरी निघाली नव्हती, तेव्हा हीच का निघावी.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण नुकता उगवलेला, वरच्या थरातला, आणि सगळाच्या सगळा निघाला होता. आता अधूनमधून नळी घालून घ्यायची, आणि सुरण बंद. डॉक्टर धवल म्हणाले, "काका, लय नशीबवान." परुळेकर म्हणाले, "नशीब नाही, अळू."

संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. अळूवडी उभ्याउभ्याच खाल्ली, सगळी. मग प्लेट परत देत म्हणाले, "मी सांगतो, ऐक. चिंच कमी पडलीय. घशाला खाजतं."