अक्काची कटाची आमटी

मुलांनो,

परवा तुमच्या आईचा फोन आला. धाकटीच्या रक्तात लोह कमी आहे आणि गहू न सोसणारं घरात कुणी आहे का, असं तिकडच्या डॉक्टरांनी विचारलंय, म्हणाली. आहे, मीच आहे, असं मी सांगितलं. हा आजार रक्तातून पुढे जातो. तुमच्यापैकी कुणाला निघाला तर तो माझ्याकडूनच आलेला असेल. दागिन्यांच्या आधी हा पोचावा असा माझा बेत नव्हता. तुमची आई सगळं दोन वाक्यांत गुंडाळते, म्हणून नीट लिहून ठेवते.

माझं पोट बरीच वर्षं बिघडलेलं होतं. रक्त कमी म्हणून सगळ्यांनी मला बीट आणि खजूर खाऊ घातला. अशक्तपणा जावा म्हणून गव्हाची खीरही दिली. शेवटी साताऱ्यातल्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं पाहिलं आणि सिलिअॅक हे नाव सांगितलं. गहू बंद, जव बंद. रवा, मैदा, शेवया हे गव्हाचंच गोत, तेही बंद. कायमचं. रविवारी सूट मिळेल का, असं तुमच्या आजोबांनी विचारलं. मिळणार नव्हती.

आजोबा फौजेतून निवृत्त झाले, पण ही गोष्ट त्यांना अजून कुणी कळवलेली नाही. त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. माझा तवा वेगळा, परात वेगळी. गिरणीत माझी ज्वारी आधीच्या बाईच्या गव्हावर पडते हे कळल्यावर घरघंटी आली. रोज संध्याकाळी डब्यांची पाहणी होई. भाकरीच्या मुलखात गहू सोडणं फारसं अवघड नाही. अवघड होती ती सांगलीची अक्का.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनंच मला वाढवलं. माझी वेणी कोण घालणार, म्हणून स्वतःची शाळा सोडली. लग्नानंतरही दर होळीला मी तिच्याकडे जेवायला जाते आणि दर शनिवारी सकाळी तिचा फोन येतो. तिच्या घरी दुसऱ्या पुरणपोळीला नको म्हणणारा माणूस आजारी असतो आणि पहिलीला नको म्हणणारा रागावलेला. तिसरा प्रकार तिला माहीत नव्हता.

मी फोनवर आजार समजावून सांगितला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गव्हानं कुनी आजारी पडतं व्हय? तुला इंग्रजी शाळेत घातली तवाच मी म्हनलं हुतं, कायतरी लागंल म्हनून."

तरी त्या होळीला तिनं गव्हाच्या पिठाचा डबा स्वयंपाकघरातून हलवला आणि तांदळाच्या पिठाच्या पोळ्या लाटल्या. त्या तव्यावर फुटल्या आणि ताटात तालुक्यांच्या नकाशासारख्या आल्या. कुरडया गव्हाच्या, म्हणून तळल्याच नाहीत. कटाची आमटी मात्र नेहमीची होती. पुरणाच्या डाळीचं पाणी, घरचा मसाला, वर सढळ हातानं हिंगाची फोडणी. मी दोन वाट्या प्यायले.

दुपार मी तिच्या न्हाणीघरात काढली. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "माझ्या हातात विष हाय का गं?"

मी पुन्हा मोरीवर वाकले. 

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं ओटी भरली, सवयीनं गव्हानंच. ते गहू मांडीवर घेऊन मी एसटीनं साताऱ्याला आले. पुढच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी केला की तिची सून उचलायची आणि देवापाशी बसल्यात म्हणून सांगायची. द्राक्षं संपली, आंबे येऊन गेले, अक्का देवापाशीच होती.

पावसाळ्यात माझी पुन्हा तपासणी झाली. घरी इतका बंदोबस्त असूनही रक्त सुधारलं नव्हतं. डॉक्टरांनी रोजच्या जेवणात काय काय पडतं ते विचारलं. मी मोहरी, जिरं, हळद, हिंग असं सांगत गेले, तसं त्यांनी हिंगाशी थांबवलं. नुसता हिंग फार उग्र असतो, म्हणून त्यात पीठ मिसळतात, आणि ते बहुतेक वेळा गव्हाचं असतं. आजोबांनी घरी आल्या आल्या डबी भिंगाखाली धरली. मागे बारीक इंग्रजीत तसंच लिहिलेलं होतं. आपल्या पाहणीतून गहू रोज चिमूटभर आत येत होता, हे त्यांनी मनाला लावून घेतलं.

मी सकाळच्या एसटीनं सांगलीला गेले. अक्का देवापाशी नव्हती, ओट्यापाशी होती. मी तिची हिंगाची डबी फळीवरून काढली आणि मागचं मराठीत वाचून दाखवलं. तिनं डबी उलटसुलट करून पाहिली, वास घेतला.

"म्हंजी माझ्या हातानं न्हवं."

"तुझ्या हातानं नाही, अक्का. हिंगानं."

तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "एवढं इंग्रजी शिकलीस आन् साधी डबी वाचली न्हाईस व्हय?"

 तिनं हरभऱ्याची डाळ शिजत घातली. सणवार काही नव्हता. पोळीच्या भानगडीत न पडता पुरण वाटीत वाढलं, वर तूप सोडलं. आमटीला नुसती जिऱ्या-मोहरीची फोडणी दिली. आमटी बेचव झाली होती. मी दोन वाट्या प्यायले, आणि अक्का संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघत बसली. काही झालं नाही.

निघताना ओटी भरायला तिचा हात गव्हाच्या डब्यावर गेला, थांबला आणि तांदळाच्या डब्याकडे वळला.

तेव्हा धाकटीला आजार निघाला तर घाबरू नका. डब्यांच्या मागचं वाचा, आणि कुणाच्या हातचं बाधलं तर काय बाधलं ते शोधून त्याला जाऊन सांगा. माझी पोळी गेली, कुरडई गेली, हिंगही गेला. होळीला वाटीत पुरण असतं, आणि शनिवारी सकाळी अक्काचा फोन येतो.