नदीकाठचा फ्लॅट दाखवणारी बाई

समुद्रकिनारी फ्लॅट घ्यायचा आणि पर्यटकांना भाड्यानं द्यायचा, हा आमचा मूळ बेत. किमती ऐकल्यावर आम्ही समुद्राचा नाद सोडला आणि कडाव गावाजवळ नदीकाठचा एक फ्लॅट बघायला गेलो. एजंट फोनवर अडकला होता, म्हणून तिथं झाडलोट करणारी बाईच आम्हाला घर दाखवायला लागली.

पन्नाशीची असावी. किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचलेला. प्रत्येक खोलीत शिरली की आधी खिडकी उघडायची, मग बोलायची. बाल्कनीत तर तिनं सरळ फरशीवर बैठक मारली, उन्हात पाय पसरले आणि माझ्या बायकोला म्हणाली, "बस गं ताई. बसल्याबिगर नदी दिसत नाय."

खरंच होतं. उभं राहिलं की आंब्याच्या फांद्या आड येत होत्या.

"तुमी कवा राहनार हितं?" तिनं विचारलं.

"शनिवार-रविवार भाड्यानं देणार," मी म्हणालो.

"आन् तुमी?"

"मधल्या वारी येऊ की."

"मंग कामाला कोन जानार?"

बायको खो खो हसली. इतक्या दिवसांच्या चर्चेत, आपण स्वतः तिथं राहायचं, हा विषय निघालाच नव्हता.

फ्लॅट घेतला. पाहुण्यांना देतोही, पण महिन्यातला पहिला शनिवार-रविवार आमचा.

ताबा घ्यायला गेलो तेव्हा ती बाई काम सोडून गेली होती. तिचं नाव विचारायचं राहिलंच. ती कुठं राहते, तिचं घर कसं आहे, तेही. त्या दिवशी तासभर आम्ही आमच्याच घराबद्दल बोलत होतो.