मशीनला हात न लावणारा माणूस

माझे मेहुणे मत्स्यबीज केंद्राचे व्यवस्थापक आहेत, असे मी लोकांना सांगतो, कारण खरे सांगायला वेळ लागतो. खरे म्हणजे ते चौकशी करतात. केंद्रात मासे आहेत हा केवळ योगायोग.

पूर्वी ते एका मालवाहतूक कंपनीच्या गोदामात नोकरीला होते. फुटलेली खोकी, ओली झालेली पोती, वाकलेले पत्रे यांच्यासमोर उभे राहून ‘शेवटचा हात कोणाचा?’ असे विचारणे हे त्यांचे काम होते, आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेने केले की फुटलेले खोके उचलून बाजूला ठेवावे, हा विचार त्यांना वीस-बावीस वर्षांत एकदाही शिवला नाही. नोकरी सुटली, प्रश्न सुटला नाही. घरी स्वयंपाकघरातला नळ ठिबकत असे. मुलाने नळाखाली पातेले ठेवले, तर यांनी आधी पातेले कोणी ठेवले ते विचारले, मग नळ शेवटी कोणी बंद केला ते विचारले, आणि संध्याकाळपर्यंत घरात अबोला झाला. नळ अजूनही ठिबकतो. पातेले मात्र कोणी ठेवत नाही.

थोरले बंधू गेल्यावर त्यांचे केंद्र वहिनींच्या गळ्यात पडले, आणि धाकटे दीर म्हणून हे मदतीला धावून गेले. सिमेंटच्या आठ टाक्या, त्यांत बोटाएवढी पिल्ले, म्हणजे बोटुकली, आणि प्रत्येक टाकीत हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या नळ्या. वीज गेली की डिझेलचे जनरेटर चालू करून ती हवा चालू ठेवायची. हवा थांबली तर पिल्ले तास-दीड तासात वर येऊन तोंडे उघडू लागतात आणि पुढे उलटी होऊन तरंगतात. सारा धंदा या बुडबुड्यांवर उभा आहे, हे तेथे झाडलोट करणारी बाईसुद्धा जाणते.

मेहुण्यांनी तेथे आपला नियम लागू केला. बिघाड झाला की ज्याने यंत्राला शेवटचा हात लावला तो दोषी, आणि दोषी माणसाने महिनाभर रिकाम्या टाक्यांचे शेवाळ घासायचे. एकदा ऑपरेटरने पाण्याच्या पंपाचा ढिला नट आवळला. पुढे आठवड्याने त्याच पंपाचा पट्टा तुटला. नटाचा आणि पट्ट्याचा काडीचाही संबंध नव्हता. परंतु शेवटचा हात ऑपरेटरचा होता. बिचारा महिनाभर गुडघ्यांवर बसून टाक्या घासत राहिला. त्यानंतर यंत्रखोलीत शिरणारे सगळे हात पाठीमागे बांधून शिरू लागले. मेहुण्यांना वाटले, शिस्त आली.

पत्नीचा काही निरोप घेऊन मी त्या दिवशी दुपारी केंद्रावर गेलो होतो. तारांच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद होती आणि संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. जनरेटर मध्येच गुदमरल्यासारखे होऊन बंद पडले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे गिऱ्हाइकाची गाडी यायची होती. वहिनींची सगळ्या हंगामाची पिल्ले त्या आठ टाक्यांत होती. वहिनी आणि दोन कामवाल्या बादल्यांनी टाकीतले पाणी उपसून उंचावरून पुन्हा टाकीतच ओतत होत्या, तेवढीच पाण्यात हवा मिसळावी म्हणून. आठ टाक्या आणि तीन बायका.

यंत्रखोलीत मेहुणे किल्ली फिरवत होते. किल्लीला हात लावणे हे त्यांच्या मते यंत्राला हात लावणे नव्हे. इंजिन गरगर फिरे, खोलीभर घर्रघर्र होई, आणि सोडले की शांत. धूर नाही, ठोका नाही. भिंतीला टेकून ऑपरेटर, पिकअप गाडीचा ड्रायव्हर आणि वायरमन असे तिघे उभे होते; तिघांचेही हात पाठीमागे.

“शेवटचा हात कोणाचा?” मेहुण्यांनी विचारले.

“माझा नाही,” वायरमन म्हणाला. “मी तर खोलीतच आलो नव्हतो.”

“आत्ता आलास ना?”

“तुम्ही बोलावलंत म्हणून आलो.”

“साहेब,” ऑपरेटर छताकडे बघत म्हणाला, “जनरेटरची टाकी कोरडी झाली होती. नंतर डिझेल ओतलं. पाइपात एअर धरलीय तिनं. डिझेल पुढं जातच नाहीये, मग सेल्फ कितीही मारा.”

“तुला माहीत आहे, तर मग काढ एअर.”

“काढतो की. पण मग शेवटचा हात माझा होईल.”

“अर्थात होईल.”

“मग राहू दे.”

ड्रायव्हर फस्सकन हसला आणि त्याने खोकल्याचे सोंग केले. मी या तिघांचीही कीव करणार नाही. बाहेर जीव तडफडत असताना, रोग आणि औषध दोन्ही ठाऊक असून, शेवाळ घासावे लागेल म्हणून भिंतीला टेकून राहणारा माणूस आणि त्याला तसे उभे राहायला शिकवणारा माणूस यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. फरक इतकाच, की पहिल्याला आपण काय करतो आहोत हे कळत होते.

“टाकी कोरडी झालीच कशी?” मेहुण्यांनी आता नवा धागा पकडला. “डिझेल बघणं कोणाचं काम?”

“माझं. सकाळी बघितलं, तळाला लागलं होतं. डिझेलच्या पिंपाला कुलूप आहे. चावी तुमच्याकडे, आणि तुम्ही केस कापायला गेला होता.”

मला वाटले, आता तरी मेहुण्यांचा चेहरा पडेल. माझी अपेक्षा चुकीची होती.

“मी यंत्राला हातच लावलेला नाही,” ते शांतपणे म्हणाले. “मग माझा संबंध येतो कुठं?” आणि माझ्याकडे वळून, “बघा दाजी, कशा माणसांबरोबर काम करावं लागतं!”

त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी घर्रघर्र जरा जड झाली होती.

“साहेब, बॅटरी बसेल,” ऑपरेटर काकुळतीने म्हणाला. “आधी एअर काढल्याशिवाय सेल्फ मारू नका.”

“तू मला शिकवू नकोस.”

तेवढ्यात दारात वहिनी आल्या. पदर कमरेला खोचलेला, कोपरांपर्यंत हात ओले, श्वास लागलेला.

“भाऊजी, पलीकडच्या टाकीतली पिल्लं उलटी व्हायला लागली. किती वेळ?”

“चौकशी चालू आहे, वहिनी. एकदा जबाबदारी निश्चित झाली, की—”

“कशाची चौकशी?”

ऑपरेटर पुन्हा छताकडे बघू लागला. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, “बाई, एअर काढायचीय. दहा मिनिटांचं काम आहे. पण हात लावेल तो टाक्या घासणार, म्हणून कोणी हात लावत नाहीये.”

वहिनींनी चौघांकडे आणि माझ्याकडेही एकदा पाहिले. त्या नजरेचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. मग त्या ऑपरेटरसमोर गेल्या.

“पाना कुठंय?”

“खिळ्याला. पण बाई, तुम्ही—”

“तू तोंडानं सांग. तोंडाला तर शिक्षा नाही ना?”

त्या इंजिनापाशी खाली बसल्या. ऑपरेटर मागे वाकून सांगू लागला, हात अजून पाठीमागेच. “तो फिल्टर, डब्यासारखा. त्याच्या डोक्यावर छोटा स्क्रू. तो नाही, त्याच्या शेजारचा. थोडा ढिला करा. पूर्ण काढू नका बरं का, पडला तर सापडायचा नाही. आता ते खालचं बटण अंगठ्यानं दाबत राहा. दाबा. सोडा. दाबा.”

स्क्रूच्या कडेने फेस आला, साबणाच्या पाण्यासारखा. वहिनींच्या बोटांवरून डिझेल ओघळून फरशीवर पडू लागले.

“कपडे खराब होतील, वहिनी,” मेहुणे म्हणाले. त्या प्रसंगी त्यांना सुचलेली ही एकमेव उपयुक्त गोष्ट.

“फेस आहे तोवर दाबत राहा, बाई. बुडबुडे संपून सलग धार आली पाहिजे. आता... आता आली! दाबलेलं ठेवा आणि स्क्रू आवळा. अहो उलटा नाही, उजवीकडं! अरे देवा, थांबा—”

आणि ऑपरेटरचा हात पुढे आला. त्याने पाना घेऊन स्क्रू आवळला, पुढचा नट सैल केला, धार पाहिली, आवळला. एकदा हात सुटल्यावर तो कोणाचेही ऐकणार नव्हता. वायरमन न सांगता बॅटरीच्या तारा घट्ट करू लागला. ड्रायव्हर गाडीची बॅटरी आणायला धावला. एवढा वेळ हे तिघे भिंतीला टेकून होते, यावर विश्वास बसेना.

किल्ली वहिनींनी फिरवली. इंजिन रडल्यासारखे एकदा फिरले, पुन्हा फिरले, थांबू लागले, आणि त्याच क्षणी एक ठोका पडला. मग दुसरा. काळा धूर खोलीभर झाला आणि सगळे खोकत बाहेर आलो. टाक्यांत बुडबुडे उठले.

सात टाक्या वाचल्या. आठव्या टाकीत पाण्यावर पांढरा थर होता. वहिनी तिच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत.

मेहुणे जवळ आले आणि घसा साफ करून म्हणाले, “वहिनी, या टाकीचं नुकसान नेमकं कोणाच्या—”

“पिंपाची चावी द्या, भाऊजी.”

“चावी दिली तर डिझेलची जबाबदारी माझ्याकडे राहणार नाही.”

“नाहीच राहणार.”

वहिनींनी हात पुढे केला. तळव्यावर काळे डिझेल होते. मेहुण्यांनी आपल्या बोटांना डाग लागणार नाही अशा बेताने चावी वरून सोडली. वहिनींनी ती तेथल्या तेथे ऑपरेटरला दिली. त्याने सवयीने आधी मेहुण्यांकडे पाहिले, मग चावी खिशात घातली, आणि मेलेली पिल्ले काढायला आठव्या टाकीत उतरला. शिक्षा म्हणून नव्हे; पहाटे गाडी येण्यापूर्वी टाकी धुवायला हवी होती म्हणून.

मेहुणे अजूनही केंद्रावर जातात. कार्यालयात त्यांची खुर्ची आहे, टेबल आहे, पंखा आहे. त्यांना कोणी काही विचारत नाही, आणि त्यांनी विचारलेले कोणी ऐकून घेत नाही. शिस्त बिघडली, असे ते मला भेटले की सांगतात. परवा मी गेलो तेव्हा वीज गेलेली होती. ऑपरेटर पिंपाचे कुलूप काढून, कोणालाही न विचारता, जनरेटरच्या टाकीत डिझेल ओतत होता.