पहिल्या पानावरची दुरुस्ती

माझा मित्र वसंता तेंडोलकर गेल्याचा फोन त्याच्या मेव्हण्याने ऑफिसात केला, तेव्हा माझ्या टेबलावर एका पुढाऱ्याच्या सभेचं पत्रक पडलं होतं. मी ते नुसतंच उलटं करून ठेवलं... त्याला आता महिना होऊन गेला.

घाटकोपरला वसंता 'हाळी' नावाचं चार पानी साप्ताहिक काढायचा. मुंबईसह मराठी राज्य झालंच पाहिजे, या एका ध्यासावर ते चालायचं. कागद आणि जाहिराती मिळायच्या त्या आमच्या बाजूचे उमेदवार आबासाहेब यांच्या शब्दावर. निवडणूक तोंडावर आली आणि आबासाहेबांच्या माणसांनी एक बातमी आणून दिली. लाठीमारात डोकं फुटलेल्या तुकाराम नावाच्या गिरणी कामगाराला डॉक्टर शहांनी म्हणे दवाखान्याच्या दारातूनच हाकललं. डॉक्टर समोरच्या पक्षाचे. वसंताने चौकशी न करता बातमी छापली. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यावर दगड पडले, काचा फुटल्या, कंपाउंडरच्या कपाळाला खोक पडली.

संध्याकाळी तुकारामच छापखान्यात आला. डोक्याला पट्टी. "ह्या काय छापलात? ही पट्टी डॉक्टरानीच बांधली मां!"

वसंताने तिथल्या तिथे पहिल्या पानावर मोठ्या टाइपात दुरुस्ती जुळवायला घेतली. आबासाहेब स्वतः आले. "वसंतराव, मतदान होऊन जाऊ दे. मग खुशाल छापा."

"मग छापून काय उपयोग, आबासाहेब? दगड आत्ता पडतायत."

दुरुस्ती छापून आली. समोरच्या पक्षाच्या पत्राने तिच्यावर 'खोटारड्यांची कबुली' असा मथळा देऊन ती गल्लोगल्ली वाटली. आमच्याकडच्यांनी वसंताला फितूर ठरवलं. आबासाहेब तरीही निवडून आलेच! पण 'हाळी'चा कागद बंद झाला, जाहिराती आटल्या, आणि वसंता फोर्टातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जाऊ लागला. राज्याची आस मात्र सुटली नाही. राज्य अजून व्हायचंच आहे.

एकदा मी विचारलं, "पस्तावलास का रे?"

"दुरुस्तीचा नाही," तो म्हणाला. "आधी छापलं त्याचा." मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "दमलो रे मी."

छातीचं दुखणं बळावलं, तेव्हा त्याला बघायला डॉक्टर शहाच यायचे. झाल्या प्रकाराबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. एकदा माझ्यासमोर वसंता म्हणाला, "डॉक्टर, त्या बातमीचं..." डॉक्टरांनी थर्मामीटर झटकला आणि ते म्हणाले, "तोंड उघडा. बोलायचं नंतर." वसंताच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांचं ते 'नंतर' मात्र कधी आलंच नाही.

परवा वसंताच्या घरी सुमतीवहिनींना भेटायला गेलो. दोन्ही पक्षांची पत्रं अजून घरी येतात. वसंता दोन्ही वाचायचा, मग सभेला गेलेल्या कुणालातरी गाठून विचारायचा, 'खरं काय झालं रे?' मी चाळून पाहिली. शनिवारच्या सभेला एकात मैदान अपुरं पडलं होतं, दुसऱ्यात खुर्च्या रिकाम्या. मी दोन्ही घडी करून बाजूला सारली. आता कुणी कुणाला विचारायचं, आणि कशाला?

वहिनींनी चहाचा कप पुढे ठेवला. म्हणाल्या, "समोरच्या बिऱ्हाडातले जोशी गेले होते सभेला. चहा झाला की जरा विचारून येता?"