डागाच्या वर डांबर

यंदाही बेडरूमच्या छतावर तोच पिवळा डाग उमटला. दर पावसाळ्याआधी मी गच्चीवर जातो आणि पावलं मोजून बरोबर त्या डागाच्या वर डांबर लावून येतो. आज पहिल्यांदाच गवंडी बोलावला. त्याने माझ्या डांबराकडे पाहिलंही नाही. पार दुसऱ्या टोकाला, कठड्याखालच्या भेगेत बोट घालून तो म्हणाला, "पाणी इथनं शिरतंय, काका. स्लॅबमधनं वाट काढत जातं आणि टपकतं तिकडं. तुम्ही टपकतं तिथंच लिंपत बसलात."

मला माझी बायको, सुमन आठवली. आमची मुलगी तापाने गेली, त्यानंतर भाजीत मीठ जास्त पडलं तरी सुमनला रडू यायचं. मी म्हणायचो, "अगं, छान झालीय भाजी." मुलीचं नाव मात्र मी घरात कधी काढलं नाही.

सुमनला जाऊन तीन पावसाळे झाले. गळतीखालच्या बादलीत ती जुनं फडकं घालून ठेवायची, थेंबांच्या आवाजाने माझी झोप मोडू नये म्हणून. आणि आवाज येत नाही म्हणजे गळायचं थांबलं, असं समजून मी खुशाल झोपायचो.