कुठल्या विहिरीचा दगड

वेरूळच्या रस्त्याला एक बाई स्फटिक विकायला बसायच्या. विहिरी खणताना काळ्या दगडाच्या पोकळीत सापडतात ते, पांढरे, हिरवट. मी तेव्हा विद्यापीठात भूगर्भशास्त्राचं संशोधन करत होतो आणि नमुने त्यांच्याकडूनच घ्यायचो. नाव कधी विचारलं नाही.

एक गुलाबी दगड मात्र त्या विकत नसत. पदरानं पुसून पुन्हा मांडीवर ठेवायच्या.

"मालकानं धाडलेला हाय," एकदा त्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या. "हिरी खणायला गेले, एका गड्याच्या हाती ह्यो दिला, अन् मग आलेच नाय. कुठल्या हिरीतला, तुमच्या मशिनीला कळंल का?"

मी त्याची एक कपची मागून घेतली. माझ्या नमुन्यांसोबत तीही अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवली गेली. त्यात अगदी अल्प प्रमाणात असलेली मूलद्रव्यं कोणती नि किती, ते कळलं. पण विहीर ओळखायला तिथलाच दुसरा दगड जुळवून पाहावा लागेल, असं मी त्यांना सांगितलं.

"मग आणते की."

त्या गावोगावच्या विहिरींवरून कपच्या आणू लागल्या. प्रत्येक पुडीवर कुणाकडून तरी गावाचं नाव लिहून घ्यायच्या. एकही जुळेना. शेवटी मीच म्हणालो, "मावशी, आता थांबा."

"थांबू कशापायी? दर खेपंला एवढं तर कळतं, या हिरीत काय ते गाडले नाय. म्हंजी असतील कुठंतरी."

दगड जुळावा असं त्यांना वाटत होतं की जुळू नये, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी नवी पुडी पुढं केली. वर लिहिलं होतं, बिडकीन. मी ती घेतली.